कादंबरीतला भाऊ सही कशी घेतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, कारण उत्तर त्यातल्या तपशिलांवरच उभं आहे. वाईजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी वारतात. मागे आजी, आई, गावातच दुकान चालवणारा मुलगा आणि पुण्यात दिलेली मुलगी. तेराव्याच्या गडबडीत भाऊ बहिणीची कोऱ्या स्टँपपेपरवर सही घेतो आणि सुरूर फाट्याकडची सव्वा एकर परस्पर विकून टाकतो. त्याच दिवशी एक अनोळखी बाई दारात उभी राहते आणि वडिलांचं दुसरं आयुष्य उघडं पडतं. हस्तलिखित वाचलेल्यांनी ‘मालिकेसारखं वाटतं’ असं सांगितलं, आणि तुम्ही विचारताय की भाषा जरा सौम्य केली तर भागेल का.

नाही भागणार. भाषेला इतक्यात हातच लावू नका. कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात आणि लेखकांकडून दुरुस्त करून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. घर, मृत्यू आणि फसवणूक अशी सामग्री असलेल्या लेखनात बहुतेक वेळा एकच गोष्ट बिघडलेली असते. फसवणूक दुःखाच्या बाहेर उभी असते. आधी सगळे रडतात, मग एकजण फसवतो, मग पुन्हा सगळे रडतात. घरात असं घडत नाही. तिरडी ज्यानं बांधली, दवाखान्यात रात्री ज्यानं काढल्या, आईला पाणी कोणी पाजलं का हे ज्याच्या लक्षात राहिलं, तोच बहुधा फसवतो, आणि तेही त्याच आठवड्यात. त्याची सेवा खोटी नसते. वाचकाला हे एकाच वेळी दिसलं पाहिजे. तुमचा भाऊ पहिल्या पानापासून डोळे बारीक करून बघतो, म्हणून मालिका आठवते.

आता कागदाकडे या. कोऱ्या स्टँपपेपरवरच्या सहीनं जमीन जात नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. त्यासाठी हक्क सोडणाऱ्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं, तिथं फोटो निघतो, अंगठा उमटवला जातो, ओळख पटवायला दोन माणसं लागतात. त्याच्याही आधी वारसनोंद व्हावी लागते. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारस कोण कोण याचं प्रतिज्ञापत्र, मग गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद, मग फेरफार, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. एवढं झाल्यावर सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं येतात. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोणी तसं म्हणत असेल तर मला दाखवा.) तेराव्या दिवशी तुमच्या भावाच्या हातात यातलं काहीही असणार नाही. फार तर दाखल्यासाठी केलेला अर्ज असेल.

ही नुसती तांत्रिक चूक म्हणून मी इतकी ताणत नाही. याच प्रक्रियेत तुमची कादंबरी दडलेली आहे. खेड्यात बहिणीला डावलण्याचे दोन रस्ते सर्रास दिसतात. एक ओबडधोबड: वारसांच्या प्रतिज्ञापत्रात तिचं नावच घालायचं नाही. पुढंमागं हे उघडकीला येतं, कज्जा होतो, आणि कादंबरीसाठी त्यात फारसं काही उरत नाही, कारण गुन्हेगार आणि फिर्यादी पहिल्याच फटक्यात ठरून जातात. दुसरा रस्ता बहिणीच्या संमतीचा. ती स्वतः एसटीनं येते, कार्यालयात बसते, फोटोला सामोरी जाते, ‘हो’ म्हणते. कायद्याच्या डोळ्यांनी तिला कोणी फसवलेलं नाही. मग फसवणूक नेमकी कुठं झाली? हा प्रश्न तीनशे पानं तोलू शकतो. कोऱ्या कागदाला तीस पानंही तोलवत नाहीत.

कायदा तिच्या बाजूनं आहे, हे तिला ठाऊक असू द्या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची आई, बायको, मुलगा आणि मुलगी हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात, वाटा सारखा. तुमच्या घरात गुरुजींनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या जमिनीचे म्हणून चार भाग होतील. आजीचा चौथा भाग तुम्ही साफ विसरला आहात. बहुतेक लेखक विसरतात, आणि बहुतेक मुलगेसुद्धा. पोटचा मुलगा गेलेल्या त्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या बाईलाही अंगठा द्यायला रिक्षात घालून न्यावं लागेल. तो प्रसंग लिहून बघा. वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब वेगळा आहे. तिथं मुलीला जन्मानंच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 9 सप्टेंबर 2005 पासून दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तुमची सव्वा एकर कुठली, हे तुम्ही एकदा ठरवा. कादंबरीत ते सांगायलाच हवं असं नाही, पण पात्रांना माहीत असतंच.

मी हा प्रसंग कसा रचला असता, ते सांगते. तिसरा महिना. भावाचा फोन. ‘तायडे, मंगळवारी जमेल का? टोकन घेऊन ठेवतो.’ ती म्हणते, ‘साडेआठच्या गाडीनं येते, संध्याकाळी परत जायला हवं, पोरांची परीक्षा आहे.’ काय करायचंय हे दोघांनी आधीच बोलून घेतलेलं. आई म्हणालेली, ‘तुझं सगळं छान आहे गं, त्याचं काय आहे?’ कार्यालयात वायरी लोंबणाऱ्या टेबलावर छोटं यंत्र. तिचा अंगठा उमटत नाही. ऑपरेटर म्हणतो, ‘पुसून ठेवा.’ भाऊ खिशातला रुमाल काढतो आणि लहानपणी शेंबूड पुसायचा तसा तिचा अंगठा पुसून देतो. दुसऱ्यांदा उमटतो. साहेब मान वर न करता विचारतात, ‘वाचलंय ना? स्वखुशीनं देताय ना?’ ती ‘हो’ म्हणते. मग दोघं बाहेर मिसळ खातात. पैसे भाऊ देतो. वहिनीनं तिच्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवलाय, तो पिशवीत टाकतो. एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहतो.

आणि पुढं, शंभर पानांनंतर, तिच्यासमोर एक विसारपावती, म्हणजे जमीन विकायचं ठरवून आगाऊ पैसे घेतल्याचा कागद, येते. घेणारा मुंबईचा, पण शेतकरी असल्याचा दाखला असलेला. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्याला लागून जमीन शोधणाऱ्यांची त्या पट्ट्यात कमतरता नाही. पावतीवरची तारीख वडील दवाखान्यात असतानाची.

एवढंच. सही तिनं डोळे उघडे ठेवून केली होती. हक्क तिनं दादाला घर सांभाळता यावं म्हणून सोडला होता, आणि दादानं तो आधीच विकलेला होता. वडील शुद्धीवर होते, तेव्हा. तो रुमाल आता तिला कसा आठवेल, हे तुम्ही लिहायचंय. खुलासा, आरडाओरडा, ‘दादा, तू असा निघशील असं वाटलं नव्हतं’ हे वाक्य (तुमच्या पान 212 वर आहे) यातलं काही लागणार नाही. फसवणूक वाचकाच्या डोळ्यांसमोर, उजेडात घडली पाहिजे, आणि त्या वेळी त्याला ती माया वाटली पाहिजे. तोही तिच्याबरोबर सही करून बसला पाहिजे.

भावाला पैसे कशाला हवे होते, यावर तुम्ही दोन प्रकरणं खर्च केली आहेत. मोबाइलवरचा जुगार, सावकार, धमक्या. काढून टाका. दवाखान्याचं बिल पुरेसं आहे. अतिदक्षता विभागात रोज संध्याकाळी हातात पडणारा आकडा आणि ‘उद्या सकाळपर्यंत भरा’ हे सांगणारी काउंटरवरची मुलगी. म्हणजे विसाराचे पैसे त्यानं काही अंशी वडिलांवरच खर्च केले. काही अंशी. उरलेल्याचं काय केलं, हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. असा माणूस वाईट ठरवता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. बहीण त्याच्याशी वर्षभर ज्या पद्धतीनं बोलेल, तिथं तुमची खरी कसोटी आहे.

आता दुःखाबद्दल. तुमच्याकडे लोक हंबरडा फोडतात, शून्यात बघतात, आणि खिडकीबाहेर पाऊस पडतो. मरणाच्या घरात शून्यात बघायला सवड कुठं असते? पहिल्या तेरा दिवसांत कामंच कामं असतात. कोणाला कळवायचं राहिलं, भटजी कोणत्या वेळेला येणार, दहाव्याला घाटावर किती माणसं, पिठलं-भात कोणाच्या घरून, सुतकात देवाची पूजा कोण करणार. दशक्रियेला कृष्णेच्या घाटावर सगळे पिंडाकडं बघत बसलेले असतात. कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढं होऊन मनातल्या मनात किंवा मोठ्यानं कबूल करतो, ‘आईला सांभाळीन’, ‘धाकट्याचं लग्न करीन’. तुमच्या कादंबरीला याहून चांगली जागा मिळणार नाही. भाऊ पुढं जाऊन काय पुटपुटतो? बहिणीला ते ऐकू येतं का? कावळा कधी शिवतो? हा प्रसंग तुम्ही एका वाक्यात उरकलाय: ‘दहावा झाला.’

आणखी एक गोष्ट बघा. रूढीप्रमाणे लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस, मुलाला दहा. चौथ्या दिवशी ती न्हाऊन मोकळी. दुःख करायचा तिचा रीतसर अवधी संपला, असं घर तिला सांगतं. कायदा मात्र सांगतो, वाटा भावाइतकाच, समसमान. वडिलांची ती तीन दिवसांची मुलगी की चौथ्या हिश्शाची? सासर आणि माहेर दोन्हीकडचे लोक तिला या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देत राहतील. सासूबाई ‘तुझं सुतक फिटलं ना?’ असं सहज विचारतील आणि त्यात वाईट हेतू काही नसेल. मला तुमच्या नायिकेबद्दल सगळ्यात जास्त जर कशानं कळणार असेल, तर चौथ्या दिवशी ती काय करते यानं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, की खरी सुरुवात. दुःख नंतर हप्त्याहप्त्यानं येतं आणि बहुतेक वेळा सरकारी कागदातून येतं. दाखल्यावर नाव चुकलेलं निघतं आणि आई दुरुस्तीच्या अर्जावर नवऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा, सलग लिहिते. वडिलांचा मोबाइल कोणी बंद करत नाही, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. शाळेच्या ग्रुपवर अजून त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. आणि नोव्हेंबर. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. बँकेनं नोंद वेळेत केली नसेल तर मेलेल्या गुरुजींना मेसेज येईल: आपण हयात असल्याचा दाखला सादर करावा. फोन कोणाच्या हातात असेल तेव्हा? आईच्या असू द्या. चष्मा लावून ती हळूहळू वाचते. त्यापुढं तिचं एकही वाक्य लिहू नका.

हे तपशील तुमच्या घराचे आहेत, म्हणजे तुम्ही दाखवलेल्या जातीधर्माच्या, तालुक्याच्या घराचे. लिंगायत घर असतं तर दफन असतं. बौद्ध घरात पिंड आणि कावळा नाही, पुण्यानुमोदनाला भंते येतात. मुसलमान घरात चाळिसावा असतो. ‘मराठी माणसाचं दुःख’ असा सरसकट माल बाजारात मिळत नाही. आणि ही गोष्ट गोव्यात नेलीत तर कथानकच मोडून पडेल. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. सर्वसाधारणपणे नवराबायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, मुलांचा ठरावीक वाटा बापाला मृत्युपत्रानंही काढून घेता येत नाही, आणि बहिणीच्या नवऱ्याचीही सही लागते. तिथला लेखक जावयाला केंद्रस्थानी आणेल. तुमचा जावई मात्र सध्या फक्त गाडी पार्क करायला येतो. त्याला थोडं काम द्या. बायकोनं सोडलेल्या हक्काबद्दल तो कधीच काही बोलला नाही, हेही काम होऊ शकतं.

दुसऱ्या बाईबद्दल. तेराव्याच्या पंगतीत तिनं दारात येणं, पांढरी साडी, हातात बारक्या पोराचा हात... नको. अशा बाया येत नाहीत. त्यांना कळतं सगळ्यात उशिरा, पेपरातल्या छोट्या जाहिरातीतून किंवा बंद लागलेल्या फोनवरून, आणि शोक करायला त्यांच्याकडे घाट नसतो, सुतक नसतं, तीन दिवसांचंसुद्धा नाही. तुमच्या अख्ख्या कादंबरीत सगळ्यात एकटं दुःख तिचं आहे आणि तुम्ही तिला स्फोटक म्हणून वापरलंय.

तिच्यावर पोलिसात तक्रार करण्याची भावाची धमकीही काढा. व्यभिचाराचं 497 कलम सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं, आणि त्याआधीही त्या कलमाखाली बाईला शिक्षा नव्हतीच. भावाला भीती वाटावी असं काही हवंच असेल तर ते वेगळीकडं आहे. पहिलं लग्न असताना दुसरं लागलं तर ते बेकायदा, दुसऱ्या बायकोला वारसा नाही. पण त्या लग्नातल्या मुलाला बापाच्या मालमत्तेत वाटा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातच तशी तरतूद आहे आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची व्याप्ती पुन्हा नीट सांगितली. म्हणजे नुसते संबंध होते की लग्न लागलं होतं, यावर चाराचे पाच वाटे होणं अवलंबून. आळंदीला हारतुऱ्यात काढलेला एक जुना फोटो अचानक सातबाऱ्याशी जोडला जातो. भावानं तो फोटो पाहिलाय, बहिणीला दाखवला नाही, आणि आईला तो आधीपासून माहीत आहे. प्रेम आणि जमीन अशी तुम्ही दोन वेगळी प्रकरणं केली आहेत. इथं ती एकत्र येतात.

आईला माहीत होतं, यावर मी ठाम आहे. चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईला माहीत असतं. तिचा घाव संबंधांचा नसावा. तो एखाद्या लहान गोष्टीत असू द्या. समजा, पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आल्यावर गुरुजींनी पहिला फोन त्या बाईला केला होता, आणि घरात आठ दिवसांनी सांगितलं. ते आठ दिवस आई विसरू शकत नाही. त्यांनी दुसरीवर प्रेम केलं हे ती कधीच पचवून बसली होती, पण भ्यायला ते तिच्याकडे आले नाहीत.

निवेदक कोण, हा तुमचा शेवटचा उपप्रश्न. तुम्ही ट्रंकेतून वडिलांची डायरी काढली आहे. ती परत ट्रंकेत ठेवा. मेलेल्या माणसानं स्वतःची बाजू मांडली की घरातल्या सगळ्यांचं काम संपतं. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) या दृष्टीनं बारकाईनं वाचा. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर घरातले भाऊ आणि बहीण दोघंही जीव टाकतात आणि तो निघून जातो. आधी तनय त्याला उद्देशून ‘तू’ म्हणत बोलतो, मग अनुजाची बाजू तिच्या टिपणांतून येते. गेलेल्याला आवाज नाही, नावसुद्धा नाही. दोन्ही बाजूंचा माणूस तोच असूनही पुरता जुळत नाही, आणि ती न जुळलेली जागा लेखकानं बुजवलेली नाही. तुमच्या गुरुजींचं हेच करायला हवं. भावाचे वडील, बहिणीचे वडील आणि त्या बाईचे गुरुजी. एकमेकांशी ताडून बघायची सोय वाचकाला द्या, निकाल देऊ नका.

मला विचाराल तर पहिली शंभर पानं भावाच्या बाजूनं लिहा. दवाखाना, बिलं, डबे, घाट, आणि मधेच कुठंतरी विसाराची सही, तीही इतर कामांच्या यादीत. वाचकानं ती ओलांडून पुढं जावं. मग बहीण. शेवटी फार तर दहा-पंधरा पानं आजीची, जिचा चौथा हिस्सा कोणी मोजला नाही. बोलीत लिहा. ती काय बोलेल हे मला सांगता येणार नाही, पण तिचा अंगठा यंत्रावर उमटणार नाही हे नक्की. म्हातारपणी रेषा झिजतात, कार्यालयात रोज हा घोळ होतो, आणि ऑपरेटर तिलाही ‘पुसून ठेवा’ म्हणेल.

शेवट कोर्टात नेऊ नका. वाटपाचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि कादंबरी त्यांच्या मागे फरफटत जाते. भाऊबीजेला समेटही नको. बहीण नोटीस पाठवते की नाही, एवढं ठरवून थांबलात तरी पुरे. लिहायला बसण्याआधी एक करा: कोणत्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एक अख्खी सकाळ बाकावर बसून काढा. हक्कसोडपत्राला आलेली भावंडं कोणती, हे तुम्हाला कोणी न सांगता ओळखू येतील. बहीण बहुधा नवी साडी नेसून आलेली असते.